तापलेल्या तारेचे पंख

लालबागला आमच्या शेजारचे काका थर्मोकोलची मखरं करायचे. तापलेली तार फिरवली की लोणी कापावं तशी कमान निघायची! २०१८ साली महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, अन् ती तार माळ्यावर गेली.

पण अशाच तारेनं विमानाचे पंखही कापतात, हे वाचून मी चाटच पडलो! अमेरिकेतल्या बर्ट रुटान यांचं ‘व्हेरी ईझी’ हे दोन आसनांचं विमान १९७५ मध्ये उडालं. नकाशे मागवून लोक ते घरच्या गॅरेजमध्ये बांधू लागले. थर्मोकोलच्याच जातीचा फोम पंखाच्या आकारात कापायचा, वर काचेच्या धाग्यांचं कापड रेझिननं चिकटवायचं. नुसता फोम बोटानं मोडतो, नुसतं कापड दुमडतं; पण दोन्ही एकजीव झाले की पंख माणसांना पेलतो. वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटर!

मात्र कापडाखाली हवेचे बुडबुडे राहिले, तर पंख तिथे कच्चा. मखराची खोट फुलांच्या माळेनं झाकता येते, पंखाची नाही. शिवाय त्यात बसायचं असतं बांधणाऱ्यालाच!

असे वेडे आपल्या मुंबईतही आहेत बरं का! कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चक्क इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. ते धातूचं, पण चिकाटी तीच. २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदही झाली.