उकरणं

गेल्या उन्हाळ्यात मुरुमला आमच्या घरामागं नव्या खोलीचा पाया खणत होते. वर काळी माती, खाली पिवळट मुरूम. गावाचं आणि थराचं नाव एकच, याचं लहानपणी फार हसू यायचं. मी लॅपटॉप मिटून बघायला गेलो आणि सहज अण्णांना विचारलं, "भूकंपात तुम्ही सास्तूरला गेला होता ना?"

"कशाला जुनी मढी उकरायलास?" अण्णा म्हणाले आणि आत निघून गेले.

आपण सगळेच हे म्हणतो. भांडणात कुणी दहा वर्षांपूर्वीचं काढलं की हमखास. पण अण्णांच्या तोंडून ऐकल्यावर मी त्या शब्दापाशीच अडकलो.

शिकलेला शब्द आहे 'उत्खनन'. 'उत्' म्हणजे वर, 'खन्' म्हणजे खणणं. खाण आणि खनिज त्याच धातूतले. आमच्याच जिल्ह्यात तेरला, म्हणजे जुन्या तगरला, पुरातत्त्ववाल्यांनी उत्खनन केलं. तिथं सापडलेली हस्तिदंती बाई आणि पाँपेईत १९३८ साली सापडलेली मूर्ती यांचं नातं अभ्यासक जोडतात. ज्वालामुखीच्या राखेखालचं शहर आणि तेरणाकाठचं गाव, दोन्हीकडची माती उपसल्यावरच ही ओळख पटली. पण पेपरात हा शब्द जास्त दिसतो तो 'अवैध मुरूम उत्खनन' या बातमीत. प्राचीन नगर आणि रात्रीचा टिप्पर, दोघांना एकच शब्द.

इंग्रजीत पुरलेलं प्रेत बाहेर काढण्याला 'एक्झ्यूम' म्हणतात. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर, 'हुमुस' म्हणजे माती. मातीबाहेर, एवढंच. त्यात काढणारा कुठंच नाही.

'उकरणं' मात्र वेगळं. त्याचं मूळ संस्कृत 'उत्किरति', वर उधळणं, खोदून काढणं. शिलालेखातली अक्षरं 'उत्कीर्ण' असतात, तेही त्यातलंच. पण मराठीत विहीर खणतात, पाया खणतात. उकरते ती कोंबडी, उकरतो तो कुत्रा. खणायला कुदळ लागते. उकरायला नखं पुरतात. आणि खाली काहीतरी आहे, या आशेशिवाय कुणी उकरत नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेत होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीच्या थरांची जड माळवदं. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा. मला भूकंप म्हणजे आकडा, आणि पत्र्याच्या घरात झोपायचा आजीचा हट्ट.

रात्री जेवण झाल्यावर अण्णा आपणहून बोलले. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. गावातली पोरं मिळेल त्या गाडीनं निघाली, सोबत फावडी, टिकाव, टोपली. एका ढिगाऱ्यावर त्यांनी पहिलं फावडं मारलं तेव्हा बाजूची म्हातारी ओरडली, "अरे, माझ्या लेकराला लागंल की!"

"मग?"

"मग काय. ठेवलं फावडं बाजूला. हातानंच उकरलं."

"सापडलं?"

"सापडलं." बराच वेळ ते गप्प बसले. "फावडं मारलं असतं तरी चाललं असतं. पण तिला तसं कसं सांगणार?"

मी पुढं विचारलं नाही. दुपारी मी तो प्रश्न पायाच्या खड्ड्याशी उभा राहून, पाच गवंड्यांसमोर टाकला होता. तेही फावडंच होतं.

दुसऱ्या दिवशी पाया पुढं सुरू झाला. मुरूम टणक लागला, म्हणून गवंडी खूश. अण्णा काठावर बसून बघत होते. मी चहा घेऊन शेजारी बसलो. त्यांनी त्या म्हातारीच्या गावाचं नाव सांगितलं, मी न विचारता.