तेरावे चित्र

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे गाव बालाजीच्या देवस्थानामुळे दूरवर ठाऊक आहे. आश्विनात तेथे यात्रा भरते, तेव्हा रस्ते माणसांनी फुलून जातात. परंतु चैत्र-वैशाखात तेच रस्ते ओस पडतात. दहा वाजले न वाजले तोच ऊन तापू लागते. आमना नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते, आणि शेतातील काळ्या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा दिवसांत कोणी फुले पाहावयास निघाला, तर लोक त्याला वेडा म्हणतील. तरीही नवल असे, की आपल्याकडील कितीतरी वृक्ष फुलण्यासाठी नेमका हाच काळ निवडतात.

पळस पाहा. फाल्गुनात तो सारी पाने गाळून टाकतो आणि केशरी-तांबड्या फुलांनी पेटून उठतो. पानांचा आडोसा नसल्यामुळे ती फुले दुरून पाखरांच्या नजरेत भरतात. मध पिण्यास आलेल्या पाखरांच्या चोचींना पराग लागून ते एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात. पुढे शेंगा धरतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी बी जमिनीवर पडण्यास तयार होते. ज्याला आपण रखरखाट म्हणतो, तोच वृक्षांच्या कामाचा हंगाम असतो.

हे सारे एका मुलाला कसे कळले, त्याची ही हकीकत आहे. कॅमेऱ्यात फिल्म घालावी लागे आणि चित्रे काळी-पांढरीच निघत, त्या काळातली.

मुलगा देऊळगाव राजाचाच, सातवीत शिकणारा. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या मामांनी आपला जुना, पेटीसारखा कॅमेरा त्याला वापरावयास दिला. आत एकच फिल्म होती. तिच्यावर १२ चित्रे निघणार होती. दुसरी फिल्म आणण्याइतके पैसे घरात नव्हते. मामा म्हणाले, "बारा म्हणजे बाराच. तेरावे मिळणार नाही."

मुलाने ठरविले, की आपण उन्हाळ्यातील फुलांची चित्रे काढावयाची. संकल्प चांगला होता, पण हात उतावळा होता. पहिल्याच सकाळी त्याने अंगणातला मोगरा, परसातली जास्वंद, कडुनिंबाचा पांढरा बारीक मोहर आणि समोरचा गुलमोहर अशी सात चित्रे धडाधड काढून टाकली. पुढच्या रविवारी तो गुरुजींबरोबर आणि वर्गमित्रांबरोबर एस. टी. ने जवळच्या सिंदखेड राजाला गेला. १२ जानेवारी १५९८ रोजी जेथे जिजाऊंचा जन्म झाला, तो जाधवांचा वाडा मुलांनी पाहिला, आणि मग सर्वजण मोती तलावाकडे गेले. वाटेत एक उशिरा फुललेला पळस लागला. त्याला पाहताच मुलाने आणखी चार चित्रे काढली. आता एकच उरले.

तेवढ्यात त्याला आजीची आठवण झाली. माघात अंगणात घसरून पडल्यापासून आजी अंथरुणाला खिळली होती. त्याआधी दर शनिवारी ती बालाजीच्या दर्शनाला जाई आणि परतताना नदीकाठच्या एका बहाव्याखाली घटकाभर टेके. सुट्टी लागली त्याच दिवशी ती म्हणाली होती, "नदीकाठचा बहावा आता फुलू लागला असेल रे."

"मी त्याची फांदीच घेऊन येतो," मुलगा म्हणाला होता.

"नको, बाळ. तोडलेला बहावा घरी येईपर्यंत मान टाकतो. तुझ्या त्या पेटीत येत असला, तर आण."

मुलाने कबूल केले होते. आणि अकरा चित्रे खर्च होईपर्यंत तो हे विसरून गेला होता! तलावाच्या काठी बसून त्याने गुरुजींना सारे सांगितले. गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "छायाचित्रे आणि वनस्पती यांचा संबंध जुना आहे. इंग्लंडमधील ॲना ॲटकिन्स नावाच्या बाईंनी १८४३ मध्ये पाण्यातील शेवाळांची चित्रे उन्हाच्या साहाय्याने कागदावर उतरवून त्यांचे पुस्तक करण्यास आरंभ केला. छायाचित्रांचे पहिले पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. पण तुला आपल्याकडचीच गोष्ट सांगतो. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ मध्ये लोकांपुढे आला, हे तू ऐकले असशील. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी काय केले, ठाऊक आहे? एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला, आणि महिनाभराहून अधिक काळ ते त्या रोपाची चित्रे थोडीथोडी टिपत राहिले. ती चित्रे पडद्यावर ओळीने धावली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बी रुजले, अंकुर फुटला आणि वेल वर चढला. ते पाहून पुढील कामासाठी पैसे देणारा मनुष्य त्यांना भेटला. फाळक्यांनी वाटाण्याला घाई केली नाही, एवढे लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवसापासून मुलगा रोज सकाळी बहाव्याकडे जाऊ लागला. कॅमेरा गळ्यात असे, पण तो कळ दाबीत नसे. पहिल्या दिवशी झाडावर फुलांपेक्षा कळ्याच अधिक होत्या; हिरवट मुगाचे दाणे दोऱ्यात ओवावेत, तसे त्यांचे घोस लोंबत होते. तिसऱ्या दिवशी घोसातील वरची फुले उमलली होती आणि टोकाकडे कळ्या तशाच होत्या. बहाव्याचा घोस वरून खाली उमलत येतो, हे त्याला तेव्हा प्रथमच दिसले. दुपारच्या उन्हात सारे सपाट भासते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक फूल वेगळे उठून दिसते, हेही त्याला उमगले. सातव्या दिवशी सारे झाड झुंबरांनी भरून गेले. सूर्य नुकताच वर आला होता, वारा पडला होता. मुलाने श्वास रोखला आणि शेवटचे चित्र काढले.

फिल्म धुण्यासाठी जालन्याला गेली. आठ दिवसांनी पाकीट आले, ते त्याने थरथरत्या हातांनी उघडले. मोगरा आणि जास्वंद धुक्यात बुडाल्यासारखी पुसट आली होती. अशा साध्या कॅमेऱ्याला अगदी जवळची वस्तू स्पष्ट दिसत नाही, आणि त्याने तर तो फुलाला जवळजवळ टेकविला होता. गुलमोहराची तांबडी फुले व हिरवी पाने एकाच राखाडी रंगात मिसळून गेली होती. पेटलेला पळस विझून कोळसा झाला होता. बारावे चित्र मात्र स्वच्छ होते. प्रत्येक घोस, प्रत्येक डहाळी स्पष्ट दिसत होती. पण फुले पांढरीफटक होती, चुन्यात बुडवून काढल्यासारखी!

मुलाने खाली मान घालून ते चित्र आजीच्या हाती दिले. तिने ते डोळ्यांपासून दूर धरून बराच वेळ न्याहाळले.

"हाच तो. ही खाली वाकलेली फांदी. हिच्याच सावलीत मी बसत असे."

"पण रंग आलाच नाही, आजी."

"पेटीला नसेल दिसला. तू तर पाहिलास ना? मग सांग मला."

"पिवळा."

"हळदही पिवळी, लिंबूही पिवळे आणि पिकले पानही पिवळेच. यांतला कोणता?"

मुलगा गप्प झाला. सात सकाळी तो त्या झाडापुढे उभा राहिला होता, तरी या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

"आणि भुंगे आले होते का?" आजीने विचारले. "मोठे, काळे. फुलावर बसले, की फूल खाली वाकते."

तेही त्याने पाहिले नव्हते. त्याचे सारे लक्ष चित्राकडे होते.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बहाव्याखाली गेला. आता फिल्म संपली होती, म्हणून कॅमेरा घरीच राहिला. हातात एक वही आणि पेन्सिल होती. तो झाडाखाली बसला आणि ऊन चढेपर्यंत बसून राहिला. मग त्याने वहीत लिहिले:

'नुकते उमललेले फूल पिकल्या लिंबाच्या सालीसारखे तजेलदार पिवळे आहे. जुने झालेले फूल फिकट होत जाते. पाकळ्या पाच. त्यांवर पानासारख्या बारीक शिरा दिसतात. मधून तीन लांब केसर वाकून बाहेर आले आहेत, बाकीचे आखूड आहेत. भुंगे आले. ते काळेभोर आहेत. उन्हात पंखांवर निळी झाक चमकते. भुंगा बसला, की फूल वाकते आणि तो उडाला, की झुलते. पाकळ्या सारख्या गळत आहेत. माझ्या वहीवर दोन पडल्या. झाडाखालची धूळ पिवळी झाली आहे.'

संध्याकाळी आजीच्या उशाशी बसून त्याने हे सावकाश वाचून दाखविले. आजीने डोळे मिटले होते. वाचन संपले, तरी तिने ते लगेच उघडले नाहीत. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता दिसला."

मुलाने वहीच्या त्या पानाच्या कोपऱ्यात एक आकडा लिहिला. तो आकडा होता १३.

आज कॅमेऱ्यात फिल्म घालावी लागत नाही. खिशातल्या दूरध्वनीवर एका सकाळी शेकडो चित्रे निघतात आणि त्यांत बहाव्याचा पिवळा रंगही हुबेहूब उतरतो. ही मोठीच सोय आहे. तरीही चित्र पाहणारे कोणी आपले माणूस, "भुंगे आले होते का?" असे विचारील, तेव्हा उत्तर कॅमेऱ्याला देता येणार नाही. ते ज्याने झाडाखाली बसून पाहिले, त्यालाच द्यावे लागेल.