अब्बांनी टायरवरून हात फिरवला

माझे अब्बा एस. टी.चे ड्रायव्हर होते. चिपळूण डेपोतून कराडला जाणारी गाडी त्यांनी कुंभार्ली घाटातून कित्येक पावसाळे नेली-आणली. लहानपणी मी डबा घेऊन डेपोत गेलो की अब्बा हमखास गाडीच्या चाकापाशी वाकलेले दिसायचे. निघण्यापूर्वी एकेका टायरवरून ते तळहात फिरवत. मला वाटे, अब्बा गाडीला थोपटतात. त्या हात फिरवण्याचा अर्थ मला कळला तो चाळिशी ओलांडल्यावर, आणि तोही चिपळूणपासून हजारो मैलांवर, बर्फात.

आम्ही कॅनडात ओटावाला राहतो. इथे नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिल उजाडेपर्यंत बर्फाशी गाठ असते. जानेवारीत पहाटे उणे 20 अंश तापमान असलं तरी कुणी त्याची बातमी करत नाही. घरात गाड्या दोन. माझी पत्नी वृद्धाश्रमात काम करते, तिची ड्यूटी सकाळी सातला सुरू होते. तिची गाडी छोटी, जुनी, पुढच्या चाकांवर चालणारी. माझी मात्र नवी, उंच, चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी. घेताना विक्रेता म्हणाला होता, “आता बर्फाची चिंता सोडा.” मी खरंच सोडली.

पत्नी दर नोव्हेंबरला न चुकता तिच्या गाडीला विंटर टायर बसवून घ्यायची. मलाही सांगायची, “तुम्हीही बसवून घ्या.” मी म्हणायचो, “माझ्या गाडीला गरज नाही.” खरं सांगायचं तर चार टायर आणि वेगळ्या रिम यांचा खर्च हजार डॉलरच्या वर जात होता, आणि नव्या गाडीचा हप्ता आधीच डोक्यावर होता. पण त्याहून मोठी गोष्ट होती ती माझी ऐट. एवढी मोठी गाडी घेतली, आता तिच्यापुढे त्या डबड्याचं काय कौतुक!

त्या वर्षी अब्बा पहिल्यांदा आमच्याकडे आले. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. शनिवारी सकाळी मुलीला मशिदीतल्या वर्गाला सोडायला मी निघालो. रात्री चार बोटं बर्फ पडलं होतं. अब्बा म्हणाले, “मीही येतो.” कानटोपी, मफलर, दोन स्वेटर चढवून ते माझ्या शेजारी बसले. आपल्याकडे ज्या बाजूला ड्रायव्हर बसतो, त्या बाजूला इथे शेजारचा माणूस बसतो. अब्बांना त्याचीच गंमत वाटत होती.

घरापुढे नांगरगाडीने लोटलेल्या बर्फाचा बांध होता. माझी गाडी तो सहज ओलांडून बाहेर पडली. चढावर एक छोटी गाडी चाकं गरगर फिरवत अडकली होती. तिच्या बाजूने मी झोकात वर गेलो आणि अभिमानाने अब्बांकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत.

पुढे उतार होता आणि उताराच्या तळाशी सिग्नल. दिवा लाल झाला. मी ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेकचं पेडल टकटक थरथरू लागलं, चाकं अडकू नयेत म्हणून गाडीची यंत्रणा तसं करते. पण गाडी थांबेना. सिग्नलपाशी गाड्या थांबून थांबून, चाकं फिरून फिरून बर्फ काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं, त्यावरून ती सरकतच राहिली. समोर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. मी हॉर्न वाजवला. तिने मागे वळून बाबागाडी ओढली. पांढरी रेषा ओलांडून, त्या बाईपासून हातभर अंतरावर माझी गाडी थांबली. अल्हमदुलिल्लाह, कुणाला काही झालं नाही. त्या बाईने माझ्याकडे जे पाहिलं, ते मात्र आजही रात्री आठवतं. शेजारी अब्बांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर घट्ट दाबलेला होता.

घरी येईपर्यंत अब्बा गप्प होते. गाडी उभी केल्यावर ते उतरले, हातमोजा काढला आणि वाकून टायरवरून तळहात फिरवला. मग पत्नीच्या गाडीपाशी गेले, तिच्याही टायरवरून फिरवला. परत माझ्याकडे येऊन म्हणाले, “तुझा टायर थंडीत लाकडासारखा झालाय. सुनेचा अजून मऊ आहे.”

मी म्हणालो, “पण अब्बा, माझ्या गाडीची चारही चाकं ओढतात.”

“चढताना ओढतात,” ते म्हणाले. “थांबताना? थांबायला तर प्रत्येक गाडीची चारही चाकं असतात, तिचीही. गाडी किती जोरात निघते ते बघून कुणी घाटात गाडी नेत नाही, बेटा. ती थांबेल की नाही, हे बघून नेतात.”

ज्या माणसाने आयुष्यात प्रथमच बर्फ पाहिलं होतं, त्याने बारा वर्षं बर्फात राहणाऱ्याला बर्फाचा धडा दिला.

नंतर मी नीट माहिती काढली, तेव्हा अब्बांचा तळहात किती खरं बोलला ते समजलं. साध्या टायरचं रबर तापमान 7 अंशांच्या खाली गेलं की कडक होऊ लागतं आणि रस्त्यावरची पकड कमी होत जाते. विंटर टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं, ते कडाक्याच्या थंडीतही लवचीक राहतं. त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. अशा टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह असतं. टायर घेताना हे चिन्ह पाहावं. आणि घालायचे तर चारही घालावेत. दोनच घातले तर गाडीचं एक टोक धरतं, दुसरं सुटतं आणि गाडी गर्रकन फिरू शकते.

आमच्या गावाबाहेरून ओटावा नदी वाहते. पूल ओलांडला की क्वेबेक प्रांत लागतो. तिथे 1 डिसेंबर ते 15 मार्च या काळात विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. नदीच्या आमच्या बाजूला, ओंटारिओत, सक्ती नाही, ते घातले तर विम्यात थोडी सवलत मिळते. बर्फ दोन्ही काठांवर सारखंच पडतं. सक्ती नाही म्हणून गरज नाही, असा सोयीचा अर्थ मी काढला होता.

मोठ्या गाडीचे फायदे नाहीत असं नाही. बर्फ गुडघ्याएवढं साचलं, तर उंच गाडी बाहेर पडते, छोटीचं पोट बर्फावर टेकतं. चढावर चारही चाकांची ताकद उपयोगी पडतेच. पण त्या ताकदीने माणसाला खोटा धीरही येतो. तो वेग वाढवतो, पुढच्या गाडीपासून अंतर कमी ठेवतो. छोटी, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, चार चांगले विंटर टायर आणि सावध हात, एवढ्यावर शहरातला हिवाळा निभावतो. माझी पत्नी इतकी वर्षं तेच करत होती.

त्याच सोमवारी मी टायर बसवून घेतले. हप्त्याची ओढाताण झाली, पण झाली.

जानेवारीत आणखी एक धडा मिळाला. एका पहाटे गोठणारा पाऊस पडला. हा पाऊस पाण्याच्याच रूपात खाली येतो, पण जमिनीला, झाडाला, तारेला लागला की त्याचा बर्फ होतो. सगळ्या जगावर काच चढते. पत्नीला ड्यूटीवर जायचं होतं. मी उत्साहाने म्हणालो, “चल, आज मी मोठ्या गाडीने सोडतो. आता टायरही आहेत.”

अब्बा दारात गेले, पायरीवर काठी टेकवली. काठी सरकली. ते म्हणाले, “आज कुठलीच गाडी नाही.”

पत्नी रडवेली झाली. “अब्बा, तिथे म्हातारी माणसं माझी वाट बघतात. त्यांना उठवायचं, न्याहारी द्यायची, औषधं द्यायची.”

अब्बा हळू आवाजात म्हणाले, “दरड कोसळली की आम्हीही गाडीभर माणसं घेऊन घाटाखाली थांबायचो. त्यांच्याही घरी कुणी वाट बघत असायचं. पोहोचायचं म्हणूनच थांबायचं असतं.”

तिने फोन केला. रात्रपाळीच्या बाया थांबायला तयार झाल्या. मशिदीचाही निरोप आला होता, आज फजर घरीच अदा करा. दीनने अशा हवामानात दिलेली ही सवलत मला माहीत होती, पण तिच्यात माणसाच्या जिवाची किती काळजी आहे, ते त्या सकाळी जाणवलं. आम्ही सर्वांनी घरी जमात केली. इमामत अब्बांनी केली. साडेआठच्या सुमारास मीठ आणि वाळू टाकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून गेल्या. त्यानंतर तासाभराने पत्नी आपल्या छोट्या गाडीतून निघाली, सावकाश. पोहोचल्याचा तिचा फोन येईपर्यंत अब्बा खिडकीपाशीच बसून होते.

आता अब्बा पुन्हा कोकणात आहेत. दर ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांचा फोन येतो. खुशालीआधी पहिला प्रश्न, “टायर घातलेस?”

आपल्यापैकी अनेकांची मुलं-मुली शिकायला, नोकरीला थंड देशांत जातात. एक दिवस त्यांचा फोन येतो, “अम्मी, अब्बा, गाडी घेतली!” आपण आनंदाने विचारतो, कुठली घेतलीस, केवढ्याला पडली, रंग कुठला? जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, टायर कुठले आहेत? आणि ज्या दिवशी रस्ता काचेचा झाला असेल, त्या दिवशी घरी थांबायची मोकळीक त्यांना आपल्याच तोंडून द्या.