मूठभर माचाका

उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात गोमांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवीत व दगडावर कुटीत. ‘माचाकार’ म्हणजे कुटणे, त्यावरून ‘माचाका’. ह्यूस्टनमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या आजी तिकडच्याच, नुएवो लिओन प्रांतातल्या. त्यांनीच मला ते रांधायला शिकविले. मांसाचे तंतू तेलावर खरपूस परतावेत, मग कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो आणि सरतेशेवटी अंडी. मीठ चाखल्यावाचून घालू नये! मूठभर मांस, आठ अंडी व तोर्तिया नावाच्या गव्हाच्या पोळ्या, एवढ्यावर त्यांची सात माणसे जेवत. वसईत माझी आईही सुका जवळा असाच कांदा घालून पुरवठ्यास आणीत असे. आज आजी एकट्याच आहेत. अंडी मात्र आठच फोडतात. अर्धी कढई आमच्याकडे येते.