दोन कुशींमधला विसावा

वयाच्या ६८ व्या वर्षी मी रात्री व्हिडिओ गेम खेळतो, हे लिहिताना मला आजही संकोच वाटतो. नाना पेठेतील आमच्या इमारतीत अपरात्री एखाद्या खिडकीत निळसर उजेड दिसला, की कोणाचा तरी मुलगा अभ्यास चुकवीत असावा, असे लोक समजतात. आमच्या खिडकीतील तो उजेड माझा असतो.

२०२२ च्या पावसाळ्यात पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले आणि वाचाही गेली. तिला घरी आणताना डॉक्टरांनी बजावले, "पाठीला जखमा होऊ द्यायच्या नसतील, तर दर दोन तासांनी कूस बदला. रात्रीसुद्धा." दिवसा मदतीला एक बाई येतात, रात्र माझी. दोन कुशींच्या मधल्या वेळात धड झोप लागत नसे आणि धड जागेही राहवत नसे. जपमाळ हाती घ्यावी, तर दुसऱ्या रहस्यापर्यंत पोहोचण्याआधीच मन औषधांच्या हिशोबात शिरे.

परदेशी गेलेल्या मुलाचा संगणक घरात पडून होता. पुतण्याने एके दिवशी त्यावर 'स्कायरिम' सुरू करून दिला आणि म्हणाला, "काका, नुसते हिंडा. इथे तुम्हाला कोणी घाई करणार नाही."

हा २०११ साली अमेरिकेत निघालेला खेळ. यात आपण एखाद्या पात्राची भूमिका घेऊन अद्भुत प्रदेशात वावरायचे असते. १९७४ साली निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-पेन्सिलीच्या आणि फाशांच्या खेळापासून ही परंपरा चालत आली आहे. स्कायरिमच्या आरंभी आपण कैदी असतो. हात बांधलेले, गाडीतून वधस्थानाकडे नेले जात असलेले. ऐन वेळी आकाशातून एक अग्निमुखी महासर्प झेपावतो आणि त्या गोंधळात आपण सुटतो. पुढे वाट मोकळी. मी राक्षसांच्या वाटेला फारसा गेलो नाही. डोंगरउतारावरची निळी फुले गोळा केली, त्यांची औषधे बनवली, नदीकाठी उगाच उभा राहिलो. बर्फाच्या शिखरावर रात्री आकाशात हिरवा प्रकाश लहरू लागला, की छातीवरचे ओझे क्षणभर उतरे.

हे सुख कशाचे, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या जगात कष्टाला फळ हमखास येते. तलवार चालवीत राहिले, की हात तयार होतो. इकडे चार महिने व्यायाम करवून घेतल्यावर पत्नीचे एक बोट हलले. शिवाय तिथे खेळ जतन करून ठेवता येतो. चूक झाली, तर जतन केलेल्या जागेवरून पुन्हा आरंभ करावा. त्या पावसाळी सकाळी ती डोके दुखते म्हणाली, तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "चहा घे, बरे वाटेल." त्या सकाळी मला परत जाता येत नाही.

मग मनात प्रश्न येई: हा पळपुटेपणा तर नव्हे?

उत्तराची वाट टॉल्किन यांनी दाखवली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे हे कर्ते श्रद्धावान कॅथलिक होते आणि १९१६ च्या सोमच्या रणभूमीवर ते सैनिक म्हणून लढले होते. आजच्या अशा बहुतेक खेळांवर त्यांच्या कथाविश्वाची छाया आहे. १९३९ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी अद्भुतकथांवर व्याख्यान दिले. कैद्याची सुटका आणि सैनिकाचे रणातून पलायन, या दोहोंत लोक गल्लत करतात, असे त्यांचे म्हणणे होते. सांत्वन देणे हे अद्भुतकथेचे मोठे कार्य आहे, असेही ते मानीत.

पण आपण कैदी आहोत की पळपुटे, हे ओळखावे कसे? २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत खेळाच्या व्यसनालाही स्थान आहे. खेळावर ताबा उरत नाही आणि जीवनातील इतर गोष्टी त्यापुढे मागे पडतात, ही त्याची लक्षणे. माझ्या घरी ही कसोटी दर दोन तासांनी वाजते. गजर झाला, की महासर्प आकाशात असेल तिथे थांबवून मी उठतो. ज्या दिवशी "आणखी पाचच मिनिटे" असे मनात येईल, त्या दिवशी हा विसावा राहणार नाही. तसे दोनदा मनात आले होते, हे प्रांजळपणे सांगतो.

मध्यंतरी पुतण्याने 'राजी' आणला. आपल्या पुण्यातल्याच 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये काढलेला हा खेळ स्कायरिमच्या जातीचा नाही, पण अद्भुताच्याच कुळातला आहे. सर्कशीत कसरती करणारी राजी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. त्या संध्याकाळी पत्नीला उशांच्या आधाराने बसवून पडदा तिच्याकडे वळवला. माझ्या हातून राजी पुनःपुन्हा दरीत कोसळत होती. चौथ्यांदा कोसळली, तेव्हा पत्नीने डावा हात उचलून पडद्यावरची दुसरी वाट दाखवली. तिचे म्हणणे बरोबर होते.

इतक्यात गजर झाला. राजीला कड्यावर तशीच उभी ठेवून मी उठलो आणि पत्नीला डाव्या कुशीवर वळवले.