जयंतीची गाडी आणि आमचा पंचा

यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे आमच्या भाच्याची गाडी होती. गडद निळी, जुनी घेतलेली, पतसंस्थेच्या कर्जावर. शिर्डी, शनिशिंगणापूरची भाडी मारून तो हप्ता भरतो. बाबासाहेबांची तसबीर हिच्यावरच शोभेल म्हणून आम्हीच त्याला गळ घातली होती.

मिरवणूक संपली तेव्हा गाडीवर निळा गुलाल, फुलांच्या पाकळ्या आणि नगरची एप्रिलातली धूळ यांचा थर बसला होता. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण धूळ नगरचीच.) भाच्याला पहाटे भाडं होतं. आम्ही कार्यकर्ते पुढे सरसावलो. कुणी उपरणं काढलं, कुणी रुमाल. आम्ही स्वतः खांद्यावरचा कोरडा पंचा घेतला आणि बॉनेट खसाखसा पुसून लख्ख केलं. जयभीमचा गजर करून घरी जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी उन्हात उभी होती. बॉनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे. जिथे जिथे आमचा हात फिरला होता, तिथे तिथे. भाचा एक शब्द बोलला नाही. ताई म्हणाली, "जाऊ दे दादा, जयंतीचंच काम होतं." हे ऐकून तर जास्तच लागलं. एका गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला, त्यात आमचा अर्धा पगार गेला असता.

त्या रात्री आम्हाला चाळीसगाव आठवलं. 23 ऑक्टोबर 1929. बाबासाहेब धुळ्याच्या मार्गावरच्या एका गावाहून परतताना तिथे उतरले. अस्पृश्य बसलेला टांगा हाकायला टांगेवाले तयार नव्हते. पाहुण्याला पायी नेणं वस्तीला कमीपणाचं वाटलं. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपलाच एक माणूस बसवला, ज्याने कधी टांगा हाकलाच नव्हता. पुलावर बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे लिहून ठेवलं आहे. पाहुण्याच्या सुरक्षिततेपेक्षा त्याचा मान लोकांना मोठा वाटला, असंही नोंदलं आहे. त्या अपघाताचं मूळ अस्पृश्यतेत होतं, आमच्या चऱ्यांचं तसं काही नाही. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजायच्या नाहीत. पण मान द्यायची घाई आणि हाताला ते काम ठाऊक नसणं, एवढं आम्हाला आमचंच वाटलं.

आमच्या विहारात येणारे एक पेंटरकाका आहेत. उभा जन्म गाड्या रंगवण्यात गेला. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी चऱ्यावरून आडवं नख फिरवलं. "नख अडलं तर चरा खोल. मग घासून उपयोग नाही, रंगच द्यावा लागतो. इथे अडत नाही. निघेल." मग ओल्या पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात चोळलं. फडकं निळं झालं नाही. म्हणजे रंगावर पारदर्शक लॅकरचा थर आहे आणि चरे त्या थरातच आहेत. जुन्या एनसी रंगाच्या गाड्यांना फडक्यावर रंगच उतरायचा, असं ते म्हणाले.

ताई म्हणाली, "मग पितळेच्या भांड्यासारखं जोर लावून घासा की!" काका हसले. पितळ आतपर्यंत पितळच असतं. गाडीचा वरचा थर मात्र साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढा, डोक्याच्या केसाहूनही पातळ. चरा बुजत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर झिजवून आपण सपाटी खाली आणतो. म्हणून हे काम पुन्हा पुन्हा करता येत नाही. आम्ही हिशेबाची माणसं, बीकॉम झालेले; हे आम्हाला लगेच कळलं. मुद्दलातूनच खर्च होता हा.

पहिला रविवार नुसता धुण्यात गेला. दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायचं साधं पाणी. आधी वरून पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग हात लावायचा. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते लॅकरपेक्षा कितीतरी कठीण. आमच्या पंच्याने त्या रात्री पॉलिशपेपरचंच काम केलं होतं. बोअरचं पाणी अंगावर सुकू दिलं तर पांढरे डाग पडतात, तेही लगेच टिपून घ्यायचं.

दुसऱ्या रविवारी सकाळी सातला विहाराच्या सावलीत बसलो. ऊन आलं की पत्रा तापतो आणि पॉलिश वाळून जातं. रबराच्या आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कडांना चिकटपट्टी लावली. एका वेळी हातभर जागा. मायक्रोफायबरच्या घडीवर वाटाण्याएवढं पॉलिश, आणि हात गाडीच्या लांबीच्या दिशेने सरळ, मागे-पुढे. गोल फिरवला की काका मनगट धरायचे. सरळ रेषा उरली तरी डोळ्यांत कमी भरते. कडेवर आल्यावर हलका हात, कारण तिथे थर आणखी पातळ. पुसायचं, बॅटरीच्या उजेडात बघायचं, पुन्हा तेच. फडक्याची बाजू सारखी बदलायची. खाली पडलेलं फडकं बाद. वस्तीतली चार पोरं मदतीला होती. दुपारपर्यंत एक बॉनेट आणि एक मडगार्ड. दंड भरून आले. फाइली चाळणारे हात आमचे!

मधल्या चहाला एका पोराने विचारलं, टँक म्युझियममधल्या रणगाड्यांना असं घासतात का? नगरचं ते म्युझियम 1994 साली सुरू झालं. तिथली रोल्स-रॉईसची चिलखती मोटार आम्ही मुलांना दाखवून आणली आहे. काका म्हणाले, लष्करी वाहनाचा रंग मुद्दाम बिनचमकीचा असतो. चमकलं की शत्रूला दिसतं.

संध्याकाळी शेवटी मेणाचा हात दिला. काकांनी आधीच बजावलं होतं की, मेण आधी लावलं असतं तर चरे आठ दिवस झाकले गेले असते आणि नंतर पुन्हा दिसले असते. बॉनेट निघालं. अगदी नव्यासारखं नाही, पण उन्हात जाळं दिसत नाही. डाव्या दारावर झेंड्याच्या काठीचा एक चरा राहिला. तिथे नख अडतं. आम्ही पॉलिश घेऊन पुढे झालो, तर काकांनी फडकंच काढून घेतलं. रंगाचे पैसे आम्ही देऊ केले. भाचा म्हणाला, "मामा, दिवाळीनंतर बघू." अजून तो चरा तसाच आहे, आणि गाडीजवळून जाताना आमची नजर तिथेच जाते.

बुद्धपौर्णिमेला गाडी पुन्हा विहारासमोर लागली. वाऱ्याने धूळ बसली होती. एक उत्साही उपासक खिशातला रुमाल काढून धावले. भाचा पायरीवरून ओरडला, "काका, थांबा! आधी पाणी!"

बादली आम्हीच आणली.