वगळलेली आशा

संत तुकाराम नगरातील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयावरून मी कित्येक वर्षे ये-जा करते. फाटकाशी ताटकळणाऱ्या आईबापांकडे पूर्वी माझे फारसे लक्ष जात नसे. माझ्या भाचीच्या घरी जे घडले, त्याने ते वेधले.

भाची आणि जावई दोघेही धडधाकट. परंतु त्यांचा मुलगा सहा महिन्यांचा होताच पांढराफटक पडू लागला. रक्ततपासणीत उलगडले, की दोघेही थॅलेसेमियाचे वाहक आहेत. वाहकाला स्वतःला त्रास नसतो. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणी बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आज सहा वर्षांच्या त्या लेकराला दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते.

दुसऱ्या बाळाचा विचार आला तेव्हा डॉक्टरांनी प्रयोगशाळेत गर्भधारणा करून, निरोगी गर्भ निवडण्याचा उपाय सांगितला. खर्च लाखांच्या घरात. विमा कंपनीने कळविले : वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत.

“मावशी, मी वांझ कुठे आहे गं?” भाचीने विचारले. मी निरुत्तर झाले.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आनुवंशिक आजार वगळण्यास मनाई केली. वंध्यत्व व कृत्रिम गर्भधारणा वगळण्याची मुभा मात्र ठेवली. २०२१ च्या कायद्याने आनुवंशिक आजारासाठी गर्भाची तपासणी मान्य केली. पण विम्याची सक्ती केली ती बीजदात्या स्त्रीपुरती. आजारी बाळासाठी दार उघडे, आजार टाळू पाहणाऱ्या आईसाठी बंद!

ख्रिस्तसभेला हा उपाय मान्य नाही. एक गर्भ निवडताना उरलेले नाकारले जातात. भाचीला ते ठाऊक होते. ती फादरांकडे जाऊन मन मोकळे करून आली. शेवटी त्यांनी तो मार्ग धरला नाही. विवेकामुळे की पैशाअभावी, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. विवेकाचा प्रश्न पाकिटाने सोडवावा, हे मात्र मनाला बोचते.

आता धर्मग्रामातील विवाहपूर्व शिबिरात मी तरुणांना एवढेच सांगते : बाळांनो, आपण पत्रिका पाहत नाही; रक्त मात्र एकदा तपासून घ्या. लग्न मोडण्यासाठी नव्हे, पुढची वाट डोळसपणे चालण्यासाठी.